जावेचं गुटगुटीत पोर

दवाखान्याच्या बाकावर ती जावेच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि भीतीनं तिची पाचावर धारण बसली होती. हातातलं कार्ड मात्र तिच्या स्वतःच्या मुलाचं होतं.

करणार काय? मागच्या महिन्यात तिच्या काटकुळ्या पोराच्या दंडाला मापाची पट्टी लावली, तर ती पिवळ्यावर आली. पुढच्या वेळी लाल आली तर चौदा दिवस भरती, आणि आईनं सोबत राहायचं, असं बजावलं होतं. इस्त्रीच्या दुकानात लागून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. चौदा दिवस खाडा केला तर कामावरून छुट्टी, मग घरात चूल पेटायची कशी?

तोड जावेनंच काढली. दोन्ही पोरं दीड-दीड वर्षांची. माझ्या गब्बूला ने, त्याचे गाल बघूनच सोडतील, म्हणाली. त्या गालांचा जावेला भारी तोरा. नुसत्या पातळ पेजेवर पोरानं कसं बाळसं धरलंय, हे ती येता-जाता ऐकवायची.

नर्स नवी होती, एवढंच नशीब. ऐन वेळी गब्बू आईसाठी भोकाड पसरेल, याची तिला धास्ती होती. पण भारी शहाणं पोर. हूं नाही की चूं नाही.

नर्सनं दंडाला पट्टी गुंडाळली. हिरवी. वजनही बरं भरलं. तिच्या जिवात जीव आला. ती पोराला उचलायला वाकलीसुद्धा.

"थांबा," नर्स म्हणाली.

तिनं गब्बूच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबून धरले. मग सोडले आणि बघत राहिली. पुन्हा दाबले. ती आत गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊनच आली.

चोराच्या मनात चांदणं. आपलं बिंग फुटलं, आता पोलीसच येणार, असं तिला वाटलं.

"बाई, चुकले मी," ती रडतच म्हणाली. "हा माझा नाही, जावेचा आहे. माझा घरी आहे, अगदी वाळलेला. त्याला भरती कराल म्हणून आणला नाही."

डॉक्टरीणबाईंनी गब्बूच्या पावलावरचं बोट उचललं. तिथला खड्डा भरून येईना.

"तुमच्या मुलाला उद्या बघू," त्या म्हणाल्या. "आधी जावेला बोलवा, धावत. हा गुटगुटीत नाही, उपासमारीनं सुजलाय. आजची रात्र काढेल की नाही, सांगता येत नाही."