दुपारची पाळी

ऑस्ट्रेलियात डार्विन शहराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपामागे कॅरव्हानचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, तळ होता. तळाला जनरेटर एकच. निम्म्याहून एक जरी एसी जास्त चालला की तो बंद पडे. म्हणून पाळ्या ठरल्या होत्या: सकाळी डेसची रांग, दुपारी समोरच्या बेरिलची. बेरिलचा नवरा कॉलिन हृदयाच्या ऑपरेशनमधून नुकताच उठला होता. त्या दुपारी डेसने पडदे ओढून एसी चालूच ठेवला. "आपल्या एकट्याने काय होतंय?" तो बायकोला म्हणाला. घटकाभरात वीज गेली. लोक घामाघूम बाहेर आले. "कोण रे तो लबाड?" डेसच सगळ्यांत मोठ्याने ओरडला. बेरिल टॉवेल घेऊन आली. त्या रांगेतली बाकी छतं कोरडी होती, डेसच्या छतावरून मात्र एसीचं पाणी ओघळत होतं. तिने टॉवेल त्या धारेखाली धरला. "कॉलिनच्या कपाळावर ठेवते," ती म्हणाली. "आमच्याच वाट्याचं आहे ना, डेस?" डेसने मान खाली घालून आपला प्लग उपटला, पण पाणी थांबेना.