तीस दिवसांत मराठी

टीव्हीवर बातम्या लावल्या की आधी एकच जाहिरात यायची, ‘तीस दिवसांत मराठी शिका.’

"हल्लीचे टीव्ही घरातली माणसं ओळखून जाहिराती दाखवतात," मुलगा विपुल म्हणाला होता. म्हणजे ही माझ्यासाठीच असणार. चाळीस वर्षं लखनौत काढून माझं मराठी गंजलं, हे यंत्रालाही कळलं! मी मुकाट्याने सुधारायला घेतलं. ‘सब्जी’ सोडून ‘भाजी’, ‘अच्छा’ सोडून ‘बरं’. लखनौतल्या आमच्या महानगर मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याकडेही ‘कोथिंबीर’ मागितली. त्याने मेथी दिली.

"आता परीक्षेला बसताय का?" विनीता, माझी बायको, हसून म्हणाली.

काल पुन्हा तीच जाहिरात लागली आणि मी ओशाळून खाली पाहू लागलो. तेवढ्यात आमची सून शिवांगी हळूच म्हणाली, "बाबा, ते जाहिरात माझ्यासाठी येते. मी फोनवर मराठी शिकते. आज अकरावा दिवस आहे."

शिवांगी इथल्याच अलीगंज भागातली, माहेरची भाषा हिंदी. लग्नाला चार वर्षं झाली, पण तिच्या तोंडून मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला इतका आनंद झाला की मी चटकन उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "अरे वाह बेटा, कमाल कर दिया!"