इस्त्री केलेल्या चिठ्ठ्या

आजीबाईंनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून प्रकाशनाच्या काउंटरवर ठेवला आणि पॅकिंगवालीने ते कागद लगेच ओळखले. अकरा चिठ्ठ्या. सगळ्या चुरगळलेल्या, पण प्रत्येकीवरून इस्त्री फिरवलेली.

“तुमच्या पुस्तकाच्या खोक्यात मिळाल्या,” आजीबाई म्हणाल्या. “चुकून आल्या असतील, नाही?”

चुकून कसल्या! पुस्तकाचं नाव ‘एकवीस दिवसांत भरभराट’. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं: मनातलं मागणं लिहून पाठवा, आमच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतः तुमच्यासाठी प्रार्थना करतील. लोक बिचारे भरभरून लिहायचे. वरच्या मजल्यावर त्यांचे पत्ते तेवढे उतरवून घेत, पुढचं पुस्तक खपवायला. मग चिठ्ठ्या पोत्यात भरून खाली येत. पॅकिंगवाली त्यांचे बोळे करून खोक्यांत कोंबायची, म्हणजे पुस्तकांचे कोपरे दुमडत नाहीत. पाळकसाहेबांनी त्यातली एक तरी उघडली असेल तर शपथ.

आजीबाईंचा फोन कालच आला होता आणि मॅनेजरला घाम फुटला होता. “ही बाई चार लोकांत बोलली तर आपला बाजार उठेल,” तो म्हणाला होता. “तू गोड बोल. सगळ्यांची कामं झाली म्हणून सांग आणि कागद परत घे. जमलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस.” आता तो केबिनच्या काचेमागे उभा राहून बघत होता. पॅकिंगवालीला नवरा नव्हता आणि या वयात दुसरी नोकरी कोणी देणारही नव्हतं.

“हो, चुकूनच,” ती म्हणाली. “द्या इकडे.”

आजीबाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. जन्मभर शिवणकाम केलेला हात, बोटांना घट्टे पडलेले. “देते गं. पण आधी सांग, यांचं पुढे काय झालं? तीन महिने रोज यांच्यासाठी प्रार्थना करतेय मी. त्या नादात पुस्तक वाचायचं राहूनच गेलं बघ. म्हटलं, हातात आल्यात त्या अर्थी हे आपलंच काम. पण निकाल नको का कळायला?”

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि पहिली चिठ्ठी उचलली. “हा गुडघेवाला?”

“चालायला लागला.”

“वा! देवाची कृपा.” आजीबाईंनी चिठ्ठीवर आडवी रेघ मारली. “मग याचं थांबवते. ज्याचं झालं त्याचं परत काय मागायचं? आणि आता माझ्याही डोक्यात फार जण राहत नाहीत. या मास्तरांचे डोळे?”

“दिसतंय त्यांना.”

रेघ. जिची जाऊ बोलत नव्हती, तिची जाऊ बोलायला लागली. रेघ. पहिलं खोटं जड गेलं होतं, चौथ्यापर्यंत जीभ सरावली. पॅकिंगवालीने एकाला नोकरी लावून दिली, एकीची कूस भरली, एकाची दारू सोडवली. पाळकसाहेबांच्या पुस्तकातसुद्धा इतके चमत्कार नव्हते! आजीबाईंचा चेहरा असा फुलला होता की तिलाही वाटलं, काय बिघडलं, म्हातारीला तेवढंच समाधान.

आठव्या रेघेनंतर आजीबाईंनी उरलेल्या तीन चिठ्ठ्या समोर पसरल्या. शेवटच्या चिठ्ठीवरचं अक्षर पॅकिंगवालीचं स्वतःचं होतं.

दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात ती पोटच्या पोरीला म्हणाली होती, ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ पोरीने शब्द पाळला. फोन नाही, निरोप नाही. चिठ्ठ्यांचं काय होतं हे पॅकिंगवालीइतकं कोणाला ठाऊक होतं? तरीही तिने एक लिहिलीच. नाव न घालता वरच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, एखादी तरी वाचत असतील. आणि मग तिनेच कधीतरी, न बघता, तिचा बोळा करून कोंबला असणार. स्वतःच्या हातांनी!

नववीला ती हो म्हणाली. दहावीलाही म्हणाली. काय विचारलं तेसुद्धा धड ऐकलं नाही.

“आणि ही आई?” आजीबाईंचा आवाज मऊ झाला. “हिची मुलगी घर सोडून गेलीय. हिच्यासाठी मी दोनदा करते, सकाळी आणि झोपताना. आली का गं पोर?” पेन्सिल चिठ्ठीवर टेकली.

काचेमागून मॅनेजरने मान हलवली. हो म्हण.

पॅकिंगवालीने पेन्सिलच धरली. “नाही आली,” ती म्हणाली. “अजून नाही आली, आजी. हिचं थांबवू नका. हात जोडते तुम्हाला.”

आजीबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. काय समजल्या, कोण जाणे. ती चिठ्ठी त्यांनी घडी करून आपल्या बायबलात ठेवली आणि बाकीच्या दहा तिच्यापुढे सरकवल्या. “बरं. आता एकटीच राहिली, म्हणजे तिच्यासाठी मनापासून करता येईल,” म्हणाल्या आणि हळूहळू पायऱ्या उतरल्या.

मॅनेजर हसतच बाहेर आला. “एक गेली तर जाऊ दे. दहा आल्या ना? जमलं तुला. ये उद्या वेळेवर.”

दार उघडंच होतं. आजीबाई अजून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. पॅकिंगवाली दहा चिठ्ठ्या हातात घेऊन दारात उभी राहिली, पण तिने हाक मारली नाही. ओळखदेख नसताना त्या दहा जणांसाठी रोज हात जोडणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते तिने आपल्या एकटीपुरतं ठेवून घेतलं होतं.