अंगातली चांदी

घरात याही वेळी दही लागलं नाही, तेव्हा मृण्मयी चरकली. प्रयोगशाळेत ती जिवाणूंकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवून घेई आणि ते किती विषारी आहेत हे तपासत असे. तिच्या हातून असे कण दुधात गेले, तर दह्याचे जिवाणू मरणारच. तिथे जाऊन तिने स्वतःची लाळ तपासली. तेच जिवाणू तिच्या अंगात चांदी घडवत होते. तिने आतून दार लावून घेतलं.

काचेपलीकडे नवरा श्रीरंग बाळाला घेऊन आला.

"जवळ आणू नकोस रे! त्याला अजून लागण नाही."

"पण किती दिवस असं?"

"जिवाणू मरेपर्यंत."

"मग औषध घे ना!"

"कशानेच मरू नयेत असे मीच घडवलेत ते."

बाळ भुकेने रडू लागलं. मृण्मयीला पान्हा फुटला. तिने काचेकडे पाठ फिरवली.