हळदीची कॅसेट

चौथ्यांदा टेप थांबली. बदरोद्दीननं कानावरचे हेडफोन काढले आणि कपाळाचा घाम बाहीनं पुसला. गाणं टेप करताना पंखा बंद ठेवावा लागायचा. बाहेरच्या गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. जालन्यातल्या त्या माडीवरच्या खोलीत शहाण्णवच्या एप्रिलातली दुपार नुसती भाजून काढत होती.

“मावशी, वळीच्या शेवटी थांबून राह्यल्या तुम्ही. मशीन थांबत न्हाई. ते पुढं निघून जातंय.”

नंदाबाई मान खाली घालून “हां” म्हणाली. तिचा नवरा कचरू समोर सतरंजीवर बसला होता. त्याला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची त्यालाच लाजही वाटत होती.

आष्टीच्या पंचक्रोशीत वीस वर्षं हळदीचं गाणं म्हणजे नंदाबाईचा गळा आणि कचरूची ढोलकी. मग लग्नघरी कर्णे आले, कॅसेटी आल्या, आणि या जोडीची बोलावणी आटली. गेल्या लग्नसराईत जेमतेम तीन घरांनी त्यांना बोलावलं. म्हणून बदरोद्दीन आपल्या पायानं घरी येऊन “मावशीची कॅसेट काढू” म्हणाला, तेव्हा नंदाबाईनं त्याच्या चहात दुप्पट साखर घातली. कचरूनं ढोलकीला नवी दोरी ओढली. ढोलकीची गरजच नाही, हे त्याला सकाळी इथला जिना चढून आल्यावर कळलं.

“काका, ढोलकी आता पब्लिक ऐकत न्हाई,” बदरोद्दीन म्हणाला होता. त्यानं कीबोर्डचं एक बटण दाबलं आणि धाडधाड ठेका सुरू झाला. “लोकायला बिलकुल हाच पायजे.”

“हळदीलाबी हाच, अन् वरातीलाबी हाच?”

“देवीच्या गाण्यालाबी हाच.”

कचरूनं ढोलकी कोपऱ्यात ठेवली खरी, पण त्याला बसवेना. खिडकीशी जाऊन गोधडीची कड उचलून बाहेर बघ, परत ये, पुन्हा जा. शेवटी तो बायकोच्या पुढ्यात बसला आणि मांडीवर बोटांनी ताल धरू लागला, अजिबात आवाज न करता. सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं. तेवढ्याला कोण नको म्हणणार?

पाचव्यांदाही नंदाबाई पहिल्याच ओळीच्या शेवटी अडली.

बदरोद्दीननं घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याची खोली भाड्याची होती. “मावशी, चारला जागा सोडायची हाय. जमलं न्हाई तर ही गाणी जाफराबादच्या एका बाईकडून गाऊन घ्यावी लागतील. तिला मशीनची सवय हाय.”

नंदाबाईचा चेहरा उतरला. गाणी तिच्या आईची होती. आईबरोबर जात्यावर बसून नंदाबाईनं ती एकेक करून उचलली होती. ती आता दुसरीच्याच गळ्यातून गावोगाव वाजणार, आणि आपण ती दुसऱ्यांच्या मांडवात उभं राहून ऐकायची, हे तिला सोसणारं नव्हतं.

कचरूला आता राहवेना. ढोलकीची वकिली करायची हीच वेळ, असं त्याला वाटलं.

“तिचं असंच हाय,” तो बदरोद्दीनला म्हणाला. “गाण्यात रमली की तिला भान राहत न्हाई. शेवटचं अक्षर धरून ठिवती. मी थांबतो तिच्यासाठी, सांभाळून घेतो, म्हनून आजवर कुनाला कळलं न्हाई. मशीनला काय कळतंय त्यातलं?”

बोलून झाल्यावर त्याला उमगलं, की आपण बायकोचं उणं परक्यापुढं उघडं केलं. पण तीर सुटला होता. नंदाबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग मांडीवरच्या त्याच्या बोटांकडं पाहिलं.

“तुम्ही जरा भायेर बसा,” ती म्हणाली.

वीस वर्षांत गाताना ती त्याला उठा म्हणाली नव्हती. कचरू तणतणत बाहेर गेला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. आत मशीनचा ठेका सुरू झाला. नंदाबाईनं ओळ उचलली. ओळ संपत आली तसा कचरूनं श्वास रोखला. आता अडेल, आता अडेल.

ती अडली नाही. दुसऱ्या ओळीलाही नाही. तिसरं कडवं झालं, चौथं झालं, आणि अख्खं गाणं मशीनच्या मापात नीट बसलं.

“बराबर जमलं, मावशी,” आतून बदरोद्दीनचा आवाज आला. “जल्दी दुसरं घ्या.”

कचरूच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या ढोलकीशिवाय हिचं गाणं उभं राहत नाही, एवढ्या एका आधारावर त्यानं पडता काळ रेटला होता. तो पायऱ्या उतरून खाली गेला, रस्त्यावरून पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. दर वेळी दारातून एक नवं गाणं ऐकू येत होतं, आणि एकही कुठं अडखळत नव्हतं.

चार वाजायच्या आत सहा गाणी झाली. नंदाबाई बाहेर आली, माठातलं पाणी प्याली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

“मी म्होरं व्हतो तवा जमंना,” कचरू भिंतीकडं बघत म्हणाला. “मी उठलो की जमलं. असं कसं?”

“राहू द्या.”

“न्हाई, सांग.”

नंदाबाई त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतका आवाज तिनं खाली आणला.

“सहा-सात सालं झाली, तुमचा डावा हात उशिरा पडून राह्यला. लोकायच्या ध्यानात येऊ नये म्हनून मी थांबत व्हते. तुमची बोटं दिसली की अजूनबी थांबते.”