अळणी आमटी

शहाण्णव साली नीलिमाला शाळेत नोकरी लागली. नोकरीआधीच्या तपासणीसाठी तिची आई आक्काताई लेकीबरोबर कुंडलहून सांगलीला आली, तर तेविसाव्या वर्षीच पोरीचा रक्तदाब वाढलेला निघाला. "पुऱ्या दिवसांची जन्मली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "न्हाई बाई, सातव्या म्हयन्यातली. कापसात गुंडाळून जगवलीया." "अशा मुलांना मोठेपणी दाबाचा, साखरेचा त्रास लवकर होऊ शकतो. नोकरी करू दे, पण रोज गोळी आणि मीठ अगदी कमी." परतीच्या एसटीत आक्काताई मागचं आठवत बसली. पोरगी अंग धरत नव्हती म्हणून आजवर मागेल ते खारं-तिखट तिनंच पुढ्यात ठेवलं होतं. घरी आल्यावर तिनं अळणी आमटी केली आणि दोघींच्याही ताटात वाढली. "आई, तू कशाला अळणी खातीस?" "आपली पोटातली सोबत नऊ म्हयन्यांची ठरल्याली हुती. दोन म्हयनं ऱ्हायलं," आक्काताई भाकरी कुस्करत म्हणाली, "ते आता पुरं करू."