आधी घोडीला

सकाळी साडेअकराला मनोरच्या बाजारपेठेत वरातीची घोडी नवरदेवासकट खाली बसली. आधी पुढचे पाय दुमडले, मग मागचे. ज्ञानेशला उतरावं लागलंच नाही. त्याचे पाय आपोआप डांबराला टेकले.

डीजे थांबला. "घोडीला नवरा पसंत नाय वाटतं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. घोडीने मान रस्त्यावर टाकली, तेव्हा हसू थांबलं.

ज्ञानेशचे आजोबा झुंबर पुढे आले. वय पंचाहत्तर, मनोरजवळ भातशेती, डोक्यावर लग्नाचा फेटा. त्यांनी घोडीच्या तोंडातला लगाम काढला, पोटाखालचा तंग सोडला, खोगीर बाजूला ओढलं. मग ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं. हिरडी कोरडी होती. बोट चिकटलं.

"पाणी कधी पाजलंस?" त्यांनी घोडीवाल्या अंकुशला विचारलं.

"रातच्याला."

"आन् सकाळी?"

"वरातीच्या सकाळी नाय पाजत आमी, बाबा. नाचणाऱ्यांच्या मधीच मुतते. मग लोकं आमाला शिव्या देतात." अंकुशने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "काल दिसभर एडवणच्या किनाऱ्यावर पोरं फिरवली तिनं. अशी कधी बसली नाय."

सकाळी घोडी झुंबरनीच पाहिली होती. चारही खूर उचलून, पाठीवरून हात फिरवून "चालंल" म्हणाले होते. पाण्याचं विचारलं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत ते घोड्यावरून राजस्थानच्या सरहद्दीवर गस्त घालत. तिथे पाणी पाजल्याशिवाय घोड्यावर खोगीर चढत नसे, आणि घोडा प्यायल्याशिवाय स्वार पाण्याला तोंड लावत नसे. खोगीर चढवलेली घोडी तहानलेली असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. स्वाराचा नियम त्यांनी पुढे शेतात बैलांसाठी पाळला. घरच्यांना तो माहीत होता.

रसवंतीवाल्याने बादली भरून दिली. डीजेच्या पोरांनी घोडीवर ताडपत्री धरली. झुंबरनी ओलं गोणपाट तिच्या मानेवर टाकलं आणि ओंजळीने तोंडात पाणी सोडलं. ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.

"जागची उठली नाय तर?" अंकुशने विचारलं.

"मरंल."

ज्ञानेशची आई नर्मदा गर्दीतून वाट काढत आली. "आबा, मुहूर्त टळंल. भटजींचे फोनावर फोन येतायत. गुरांचे डॉक्टर निघालेत पालघरहून. चला आता."

"तुमी व्हा पुढं. पायी जा. हॉल काय लांब नाही."

"एकच नातू आहे तुमाला."

"मीच चढवला त्याला तिच्यावर."

नर्मदाने कोणाकडून तरी पाण्याचा ग्लास आणवला. "मग एवढं तरी प्या. ऊन बघा. बीपीची गोळीपण राहिलीये."

झुंबरनी ग्लास घेतला आणि बादलीशेजारी रस्त्यावर ठेवला. नर्मदा क्षणभर त्या दोन्हींकडे बघत राहिली. मग अंकुशकडे वळली. "ती प्यायली की यांना पाज. उलटं करायला जाऊ नको, ऐकायचे नाहीत." तिने सासऱ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या आणि ती ज्ञानेशच्या मागे निघाली. ज्ञानेश दोनदा वळून बघत गेला.

वरात गेल्यावर रस्ता मोकळा झाला. मागे अडकलेल्या गाड्या घोडीला वळसा घालून जाऊ लागल्या. दोघांनी मिळून ताडपत्रीचं एक टोक विजेच्या खांबाला बांधलं, दुसरं अंकुशने धरलं.

"बाबा, तुमी जावा. मी हाय ना इथं."

"धर नीट. ऊन येतंय तिच्या डोळ्यावर."

हॉलच्या भोंग्यातून मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली. झुंबर ओंजळीने पाणी देत राहिले. डाव्या मुठीतल्या अक्षता भिजल्या. "सावधान" ऐकू आलं तसे ते उभे राहिले, हॉलच्या दिशेला तोंड करून त्यांनी अक्षता टाकल्या. ओल्या असल्यामुळे त्या लांब गेल्या नाहीत. बऱ्याचशा घोडीच्या पाठीवर पडल्या. तिने एक कान हलवला.

झुंबर खाली बसले. बसताना त्यांना अंकुशच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

"तोंड सुकलंय तुमचं," अंकुश म्हणाला. "घोटभर घ्या. कोण बघतंय?"

"ही बघतीय."

पाऊण वाजता घोडीने मान थोडी उचलली. झुंबरनी बादली तिच्या तोंडाखाली तिरकी केली. नाकपुड्यांपाशी बुडबुडे आले. बादलीतलं पाणी थोडं कमी झालं. थोडं रस्त्यावरही सांडलं होतं.

"प्याली," अंकुश म्हणाला.

घोट खाली उतरतोय का, म्हणून झुंबर वाकून तिच्या गळ्याकडे बघत राहिले. डॉक्टरांची गाडी अजून मनोरला पोचली नव्हती. बादलीशेजारचा ग्लास भरलेलाच होता.